तांबडी बत्ती

दिवा हा आपल्याला दिसावे म्हणून लावतात, अशी आपणां सर्वांची लहानपणापासूनची समजूत असते. माजघरात शिरण्यापूर्वी बटण दाबावे, वीज गेली असता मेणबत्ती शोधावी, रात्री वाचावयास बसलो तर दिवा पुस्तकाकडे वळवून घ्यावा, हा आपला नित्याचा व्यवहार. तुळशीपुढची पणती आणि दिवाळीतला आकाशकंदील हे दोन अपवाद सोडले, तर घरातील सारे दिवे घरातल्या माणसांच्याच चाकरीत असतात. समुद्रावर मात्र ही रीत नेमकी उलटी आहे. तेथे होडीवरचा दिवा होडीतल्या माणसासाठी नसतोच. त्याच्या उजेडात सुकाणू दिसत नाही, की समोरचे पाणी दिसत नाही. किंबहुना तो आपल्या डोळ्यांवर येऊ नये अशाच बेताने बसवलेला असतो. तो असतो परक्यासाठी. हा भेद आम्हांस पुस्तकांतून फार पूर्वी कळला होता. पण तो उमजण्यासाठी एका कोळी नाखव्याचे दोन खडे बोल ऐकावे लागले आणि त्यानंतर एक सबंध पावसाळा तारा ओढण्यात घालवावा लागला. त्याचीच ही हकीकत.

आमच्यापाशी एक जुनी शिडाची होडी आहे. लांबी 26 फूट, अंग फायबरग्लासचे, वय चाळिशीच्या पुढे. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत ती मुंबई बंदरात पाण्यावर असते आणि पावसाळ्याचे चार महिने किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली विश्रांती घेते. होडी बाळगणे म्हणजे पांढरा हत्ती पोसणे होय, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत आहे. हत्ती निदान गंजत तरी नाही, ही पुस्ती आमची स्वतःची. तिच्यावर आमच्या बरोबरीने प्रेम करणारे माणूस घरात एकच, ते म्हणजे आमची कन्या. ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकते, आणि बारा वर्षांची असल्यापासून सुकाणू धरते.

या होडीवर रात्री कोणते दिवे असावेत हे आमच्या मर्जीवर नाही. ब्रिटनने 1848 साली आगबोटींना उजव्या बाजूस हिरवा, डाव्या बाजूस तांबडा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा लावण्याचा नियम घातला. पुढे 1858 साली रंगीत दिव्यांचे बंधन शिडाच्या जहाजांनाही लागू झाले. आज चालतात ते 1972 साली ठरलेले आणि 1977 पासून अमलात आलेले आंतरराष्ट्रीय नियम. त्यांतले गणित मोठे सुबक आहे. होडीभोवती 360 अंशांचे वर्तुळ कल्पावे. अगदी समोरपासून उजवीकडे 112.5 अंशांपर्यंत हिरवा दिवा दिसला पाहिजे, डावीकडे तितक्याच अंशांत तांबडा, आणि मागे उरलेल्या 135 अंशांत पांढरा. तिन्ही मिळून वर्तुळ बरोबर पुरे होते. होडी शिडाऐवजी यंत्रावर चालली असेल, तर याखेरीज डोलकाठीवर आणखी एक पांढरा दिवा लागतो, आणि तो पुढच्या बाजूने 225 अंशांत दिसतो.

ही एक लिपीच म्हणावयाची. अंधारात समोरच्याचा तांबडा दिवा दिसला, की त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे हे समजावे. हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले तर तो सरळ आपल्या अंगावर येत आहे. आणि एकटा पांढरा दिसला, तर ती होडी एक तर पाठमोरी आहे, नाही तर नांगर टाकून स्वस्थ उभी आहे. दोन अनोळखी माणसे, एकमेकांची भाषाही कदाचित न जाणणारी, तीन रंगांवरून एकमेकांचा हेतू ओळखतात आणि सुखरूप आपापल्या वाटेने जातात. आता या लिपीतले एकच अक्षर पुसले गेले तर काय होते, ते सांगतो.

गेल्या मार्चमधली गोष्ट. कन्येला घेऊन आम्ही मांडव्याहून परतत होतो. दुपारभर चांगला चाललेला वायव्येचा वारा सूर्यास्ताबरोबर पडला. आम्ही शीड उतरवले, यंत्र सुरू केले आणि दिव्यांची बटणे दाबली. बटणांच्या फळीवर प्रत्येक बटणाशेजारी एक बारीकसा निदर्शक दिवा असतो, ते सारे ओळीने लागले. आमचे समाधान झाले. डावीकडे कुलाब्याच्या टोकापलीकडे प्राँग्जचे दीपगृह 1875 सालापासूनचा आपला नेम चालवीत होते; समोर मुंबईच्या किनाऱ्यावर दिव्यांची रास पडली होती. इतक्यात डावीकडून, समुद्रातून आत येणारी एक मासेमारीची होडी दिसली. ती करंज्याकडे निघाली असावी. तिचा हिरवा दिवा स्वच्छ दिसत होता. यंत्रावर चालणाऱ्या दोन नौका एकमेकींची वाट छेदीत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी आहे तिने बाजू द्यावी, असा नियम आहे. त्याच्या उजव्या हाताला आम्ही होतो. तेव्हा बाजू देणे त्याचे काम, आणि आपली दिशा व वेग न बदलणे हे आमचे. कन्येने विचारले, "बाबा, तो वळत का नाही?" आम्ही म्हणालो, "वळेल. त्याला आपला तांबडा दिसतो आहे." हे वाक्य आम्ही ज्या अधिकारवाणीने उच्चारले ती आठवली, की अजूनही मान खाली जाते.

तो वळला नाही. अंतर इतके कमी झाले की त्याच्या यंत्राचा आवाज आमच्या यंत्राच्या आवाजाहून मोठा वाटू लागला, तेव्हा आमचा नियमावरचा विश्वास डळमळला. आम्ही सुकाणू आवळून उजवीकडे वळलो. त्याच क्षणी त्यानेही यंत्र उलटे फिरवले. दोन्ही होड्या वीस हातांवर येऊन डोलत राहिल्या. त्याच्या लाटेने आमच्या खोलीतली भांडी खाली आली. नाखवा काठावर येऊन ओरडला, "शेट, तुमची तांबडी बत्ती कुठं हाय? आमी समजलो, होरी नांगरावर हाय!"

आम्ही पुढे जाऊन वाकून पाहिले. तांबड्या काचेमागे उदबत्तीच्या टोकाएवढा एक ठिपका धुगधुगत होता. हाताच्या अंतरावरून तो दिसे. वीस हातांवरून दिसत नव्हता. म्हणजे नाखव्याला दिसला तो फक्त डोलकाठीवरचा पांढरा दिवा. एकटा पांढरा म्हणजे पाठमोरी, नाही तर नांगरलेली होडी. आणि मागे मुंबईचे हजार दिवे असता कोणत्याही समंजस माणसाने तोच अर्थ घेतला असता. नांगरलेल्या होडीच्या पुढून निघून जावे असा सरळ विचार करून तो येत होता. येथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. आमचे सारेच दिवे विझले असते तर आम्ही केवळ अदृश्य झालो असतो. पण एक विझला आणि एक पेटता राहिला, त्यामुळे आम्ही चक्क खोटे बोललो. चालत असताना "उभे आहोत" असे सांगितले, आणि त्याने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आम्ही क्षमा मागितली. तो शांत झाला होता. जाता जाता म्हणाला, "बत्ती तुमची, पन बघतो आमी." आणि आपल्या वाटेने गेला.

उरलेला प्रवास कन्या हातात विजेरी घेऊन पुढे बसली होती. घरी पोहोचल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "निघण्यापूर्वी तुम्ही दिवे तपासले होते का?" आम्ही "हो" म्हणालो. ते उत्तर अर्धेच खरे होते, हे तिलाही ठाऊक होते. आम्ही बटणे तपासली होती. बटणाशेजारचा निदर्शक दिवा लागतो याचा अर्थ बटण दाबले गेले, इतकाच. वीज तेथून पुढे 20 फुटांवरच्या दिव्यापर्यंत पोहोचली की नाही, याची त्याला वार्ताही नसते. त्यानंतरच्या दोन रविवारी तिने काही कारण काढून होडीवर येण्याचे टाळले. तिसऱ्या रविवारी तिने कारणही काढले नाही.

आता या तांबड्या दिव्याची पूर्वपीठिका सांगणे प्राप्त आहे. तो मंदावण्याची ही पहिली खेप नव्हती. त्या हंगामात आम्ही त्याचा बल्ब तीनदा बदलला होता. प्रत्येक वेळी नवा बल्ब लखलखीत लागे, आणि दहापंधरा दिवसांत पुन्हा मलूल होई. आम्ही बल्ब करणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडली. वस्तुतः बल्ब निर्दोष होते. बल्ब बदलताना आम्ही दिवा हलवीत असू, तारेला थोडा हिसका बसे, गंजलेल्या जागी धातूला धातू क्षणभर नव्याने टेके, आणि उजेड पडे. म्हणजे रोग एका ठिकाणी, औषध दुसऱ्या ठिकाणी, आणि गुण येई तो नाडी पाहताना हात हलवल्यामुळे!

मे महिन्याच्या अखेरीस होडी किनाऱ्यावर आली, डोलकाठी उतरवून घोड्यांवर आडवी ठेवली, आणि आम्ही मल्टिमीटर घेऊन एकटेच बसलो. बॅटरीशी मोजले, 12.6 व्होल्ट. तांबड्या दिव्याचा बल्ब काढून त्याच्या घरात मोजले, 12.4. आम्ही चकित झालो. तार तर उत्तम होती! ही वार्ता घरी जेवताना सांगितली, तेव्हा कन्येने ताटावरची नजर न उचलता म्हटले, "बल्ब लावून मोजा. भार नसताना काय कळणार?" दुसऱ्या दिवशी बल्ब लावून मोजले, काटा, किंवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे आकडा, सहाच्या घरात येऊन थांबला. ज्या तारेतून प्रवाहच वाहत नाही तिच्यात व्होल्टेजची घट होत नाही. ती कितीही कुजलेली असो, मीटरपुढे ती निष्कलंकच ठरते. प्रवाह वाहू लागला, म्हणजे तिच्यातला अडथळा आपला वाटा कापून घेतो. तंतूच्या बल्बचा आणखी एक दुर्गुण असा, की व्होल्ट निम्म्यावर आले तर त्याचा उजेड निम्म्यावर येत नाही; तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. आमच्या उदबत्तीचा उलगडा झाला. आणि फ्यूज का उडाला नाही, याचाही. फ्यूज उडतो तो प्रवाह फार वाढल्यावर. येथे तो घटला होता. होडीवरच्या एकाही पहारेकऱ्याने ओरडावे असे काही घडतच नव्हते.

तारेचा माग काढीत आम्ही पुढे नाळेपर्यंत गेलो. तेथे नांगर व त्याची साखळी ठेवण्याची पेटी असते. ओली साखळी तेथे निथळते, आणि समुद्राचे पाणी तळाशी बराच वेळ रेंगाळते. या पेटीच्या तळाशी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली एक गाठ सापडली. पट्टी हातात चिकट गोंदासारखी सुटून आली. आत तांबे असे उरलेच नव्हते. हिरवट निळ्या भुकटीचा एक गोळा होता, आणि त्यातून दोनतीन केसांएवढे तंतू कसेबसे एकमेकांना धरून होते. तेवढ्या केसांवर आमच्या डाव्या बाजूची सारी भिस्त होती.

ही गाठ कोणी मारली, हे शोधण्यास दूर जावे लागले नाही. ती आमचीच होती. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी निघण्याच्या घाईत ती तार तुटली, आम्ही दोन टोके पिळून एकत्र केली, वर पट्टी गुंडाळली आणि म्हणालो, "तूर्त चालेल, पावसाळ्यात नीट करू." त्यानंतर पाच पावसाळे गेले. दिवा लागत होता, म्हणून गाठ विस्मरणात गेली. "तूर्त" हा शब्द आम्ही तेव्हापासून जपून वापरतो. दुरुस्तीचा अभाव माणसाला टोचत राहतो. अर्धवट दुरुस्ती मात्र त्याला स्वस्थ झोपू देते.

ती गाठ कापून ताजे तांबे लागेपर्यंत मागे सरावे, असा आमचा विचार होता. वीतभर कापले, वेष्टनाखालची तार काळी. आणखी हातभर कापले, तरी काळी. बाहेरून वेष्टन नव्यासारखे तुकतुकीत, आणि आत तांब्याचा प्रत्येक तंतू काजळी धरलेला. वातीतून तेल वर चढते त्याच न्यायाने खारे पाणी त्या बारीक तंतूंच्या फटींतून आत आत चढत गेले होते. तेव्हा कन्येकडे मदतीची याचना करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आम्ही तो काळा तुकडा घरी नेला, तिच्या टेबलावर ठेवला आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या गाठीची कबुली दिली. तिने तुकडा उलटसुलट करून पाहिला. "हे तर आजीच्या पातेल्यासारखं झालंय," ती म्हणाली.

तिची उपमा अचूक होती. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली, की त्यात ठेवलेले ताक कळकते. आंबट पदार्थ आणि खार तांब्याला खातात, आणि वर तो हिरवा थर येतो. म्हणून आपल्या घरांत कल्हईवाला येई. भाता लावून भांडे तापवी, नवसागर टाकी, आणि कथलाचा पातळ हात आतून फिरवी. होडीच्या तारेवरही उपाय तोच आहे. सागरी कामाच्या तारेत तांब्याच्या प्रत्येक बारीक तंतूवर कथलाचा मुलामा दिलेला असतो. घरातल्या भिंतींत घालतात ती साधी तार अशी नसते. आमच्या होडीत, एका तारेचे पाप दिसल्यावर आम्ही उरलेल्याही तपासल्या, तेव्हा सगळीकडे ती बिनकल्हईची तारच निघाली. आजीने जे पातेल्याच्या बाबतीत कधी चालू दिले नसते, ते आम्ही समुद्रावर चाळीस वर्षे चालू दिले होते. साऱ्याच तारा बदलावयाचे ठरले.

लोहार चाळीत दोन दिवस हिंडल्यावर अशी तार मिळाली. किती जाड घ्यावी, याचा हिशेब कन्येने मांडला. डोलकाठीच्या टोकापासून बॅटरीपर्यंत 15 मीटर. पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी 30 मीटर धरावयाची. मार्गदर्शक दिव्यांच्या तारेत व्होल्टेजची घट शेकडा 3 हून अधिक होऊ नये, असा चांगल्या कारागिरांचा दंडक आहे. 12 व्होल्टांवर ती होते 0.36. डोलकाठीवर 10 वॉटचा दिवा धरला, तर 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत ती 0.2 च्या आतच राहते. तार एकजीव नसून अनेक बारीक तंतूंची हवी, कारण होडी अखंड थरथरत असते, आणि एकजीव तार त्या थरथरण्याने वाकून वाकून तुटते.

यानंतरचे सहा रविवार आम्ही दोघे ताडपत्रीखाली होतो. वर पावसाचा ताशा, आत उकाडा. सर्वांत कठीण काम डोलकाठीचे. पोकळ ॲल्युमिनियमच्या नळीतून 10 मीटर तार ओवणे म्हणजे लेंग्यात नाडी ओवण्याचाच प्रकार, फक्त लेंगा चुणता येतो आणि डोलकाठी चुणता येत नाही. जुन्या तारेच्या टोकाला नवी बांधून ओढावी, अशी रूढ युक्ती आहे. आम्ही ओढली, जुनी तार मध्येच तुटली, आणि नवी आत अडकून राहिली. अर्धा तास आम्ही जे बोललो ते येथे देण्यासारखे नाही. मग कन्येने एका बारीक दोरीला लोखंडी नट बांधला, तो वरच्या टोकाने आत सोडला, आणि आम्हांस ते टोक हळूहळू उचलावयास सांगितले. ती डोलकाठीला कान लावून बसली. नट खडखडत घसरत होता, ती सांगत होती, "अडला... थोडं हलवा... सुटला..." शेवटी तो तिच्या ओंजळीत पडला. दोरीमागून तार आली. तारेवर हातभर अंतराने प्लॅस्टिकचे बंध बांधून त्यांची शेपटे न कापता बाभळीच्या काट्यांसारखी उभी ठेवली होती. त्यामुळे होडी डोलली तरी तार आत आपटत नाही, आणि रात्री कानाशी टकटक होत नाही.

जोडांच्या बाबतीत आम्ही यावेळी शहाणे झालो होतो. पहिला नियम, जोड शक्य तितके कमी. दुसरा, जेथे अटळ असेल तेथे तो उंचावर, कोरड्या जागी. नांगराच्या पेटीत कदापि नाही. दोन टोके कल्हईदार तांब्याच्या नळीत घालून खास पकडीने दाबून बसवावयाची, आणि वरून आतल्या बाजूस गोंद असलेली नळी सरकवून ती तापवावयाची. ती आवळून बसते, गोंद कडांशी पाझरतो आणि पाण्याची वाट बंद होते. नुसता डाक दिला तर तार तेवढ्या भागात ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्याच्या कडेला मोडते. आणि जेथे तार दिव्यात शिरते त्याच्या अलीकडे तिला खाली एक झोळ द्यावयाचा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न शिरता झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. कोकणातल्या घराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, त्याचीच ही धाकटी आवृत्ती.

तारा नव्या, तेव्हा दिवेही नवे घ्यावेत, असे ठरले. एलईडी दिवा दोनतीन वॉटांतच काम भागवतो आणि बॅटरीवर भार टाकत नाही. पण जुन्या तांबड्या किंवा हिरव्या काचेमागे पांढरा एलईडी खुपसून चालत नाही. हिरव्या काचेतून तो निळसर दिसतो, आणि जागा जरा चुकली तर कोणत्या अंशापर्यंत कोणता रंग, ही विभागणी बिघडते. म्हणजे पुन्हा लिपीतल्या अक्षराला कानामात्रेची चूक. म्हणून दिवे आख्खे बदलले. आमच्या मापाच्या होडीवर बाजूचा दिवा निदान 1 सागरी मैलावरून दिसला पाहिजे, आणि मागचा पांढरा 2 मैलांवरून. तसे लिहिलेलेच घेतले.

खंडेनवमीस घरात पुस्तकांशेजारी पाटावर पकड, स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर यांची पूजा झाली. मल्टिमीटरवर झेंडूचे फूल कन्येने ठेवले. थोड्याच दिवसांत होडी पाण्यात उतरली.

पहिल्या रात्री कोठेही जावयाचे नव्हते. होडी जागच्या जागी बांधलेलीच ठेवून, यंत्रावर चालल्याप्रमाणे दिवे लावून पाहावयाचे, एवढाच बेत. बटणे दाबली, निदर्शक दिवे ओळीने लागले, अगदी मार्चमधल्यासारखेच. आम्ही सुकाणूपाशी उभे होतो, आणि तेथून आमच्या दृष्टीने त्या रात्रीत आणि मार्चमधल्या त्या रात्रीत काडीचाही फरक नव्हता. समोर तोच अंधार. आपला दिवा लागला की नाही, हे आपल्या जागेवरून कळण्याची सोयच नाही. बायकोमुलांविषयीची माया, थोरांविषयीचा आदर, मित्रांविषयीची कृतज्ञता आपण मनात बटण दाबून लावून ठेवतो, आतला निदर्शक दिवा पाहून समाधान पावतो, आणि समोरचा का वळत नाही म्हणून रागावतो. त्याच्यापर्यंत काय पोहोचले, हे त्यालाच विचारावे लागते.

तेव्हा ते विचारण्याची व्यवस्था केली होती. कन्या लहान वल्ह्याची होडी घेऊन अंधारात गेली. थोड्या वेळाने वल्ह्यांचा आवाजही ऐकू येईनासा झाला. मग पाण्यावरून तिचा आवाज आला, "तांबडा! स्वच्छ दिसतोय!" ती समोरून वळसा घालीत होती. "आता दोन्ही!" काही क्षण गेले. "आता फक्त हिरवा!" मग मागे जाऊन, "पांढरा!" अशी तिने होडीला प्रदक्षिणा पुरी केली. वर चढताना तिने ओले हात आमच्या सदऱ्याला पुसले आणि विचारले, "मांडव्याला कधी जायचं?"

पुढल्या रविवारी गेलो. परतताना वारा पुन्हा सूर्यास्ताबरोबर पडला, आणि यंत्रावर येत असता डावीकडून एक हिरवा दिवा पुन्हा आमची वाट छेदीत आला. आम्ही दोघेही बोललो नाही. कन्येचा हात सुकाणूवर होता. बऱ्याच अंतरावर असतानाच त्या हिरव्याशेजारी तांबडा उमटला, मग हिरवा मावळला. तो उजवीकडे वळला होता आणि आमच्या मागून निघून गेला. तो मार्चमधलाच नाखवा होता की दुसरा कोणी, हे अंधारात कळण्यासारखे नव्हते. आम्ही त्या दिशेला हात जोडले. ते त्याला दिसले नसतील. पण तांबडी बत्ती दिसली होती.